लुटुपुटीची लढाई आणि खरेपणा

जपानमध्ये सामान्य नागरिकाच्या हाती पिस्तूल पडणे जवळजवळ अशक्यच आहे. १९५८ सालच्या शस्त्रविषयक कायद्याने शिकार व नेमबाजी यांसारख्या थोड्याच कारणांसाठी बंदूक बाळगण्यास वाव ठेवला, आणि त्यासाठीही परीक्षा, चौकशी व परवाना यांच्या चाळणीतून जावे लागते. अशा या देशात सुट्टीचा दिवस उजाडला, की तोक्योशेजारच्या चिबा प्रांतातील रानांत लष्करी वेष चढवलेली माणसे हाती बंदुका घेऊन उतरतात. या बंदुका खेळण्यातल्या असतात आणि लढाई लुटुपुटीची. या खेळास तेथे ‘सर्व्हायव्हल गेम’ म्हणतात. बोलण्यात त्याचे ‘साबागे’ असे सुटसुटीत नाव झाले आहे.

ही खेळण्यातली बंदूक दिसावयास हुबेहूब खऱ्यासारखी असते. तिची गोळी मात्र प्लॅस्टिकची, लहान वाटाण्याएवढी, ६ मिलिमीटर व्यासाची आणि बहुधा ०.२ ग्रॅम वजनाची. पूर्वी सलग गोळ्या झाडावयाच्या तर वायूची टाकी पाठीवर वागवून तिची नळी बंदुकीस जोडावी लागे. १९९१ साली ‘तोक्यो मारुई’ या कंपनीने विजेवर चालणारी बंदूक बाजारात आणली आणि या खेळाचा कायापालट झाला. आतील लहानशी मोटर दातेरी चाकांच्या साहाय्याने स्प्रिंग मागे ओढते. स्प्रिंग सुटली की दट्ट्या हवा दाबतो आणि त्या हवेच्या झोताने गोळी उडते. नळीतील रबराचा एक उंचवटा गोळीस वरून किंचित अडवतो, त्यामुळे ती उलटी गिरकी घेत बाहेर पडते. टेबल-टेनिसचा चेंडू खालून कापून मारला असता जसा तरंगत जातो, तशी ही गोळीही खाली न पडता दूरवर जाते.

खेळणे झाले तरी त्याने डोळा जाऊ शकतो. काही लोकांनी बंदुकांचा जोर बेसुमार वाढवला आणि २००५ साली धावत्या मोटारींवर गोळ्या झाडण्याचे प्रकार घडले. पुढील वर्षी, म्हणजे २००६ साली, कायद्यात दुरुस्ती झाली. ६ मिलिमीटर गोळीसाठी सुमारे ०.९८ ज्यूल ही मर्यादा ठरली, ०.२ ग्रॅमच्या गोळीस हा वेग सेकंदाला सुमारे ९९ मीटर पडतो. याहून जोरकस बंदूक नुसती घरी ठेवणे हाही अपराध आहे. दहा वर्षांवरील मुलांसाठीच्या बंदुका तर ०.१३५ ज्यूलच्या आत ठेवल्या जातात.

मैदानावरील शिस्तही अशीच काटेकोर. सोबती नसलेला माणूससुद्धा प्रवेशशुल्क भरून दिवसभराच्या मेळाव्यात सामील होऊ शकतो. सकाळी प्रत्येक बंदुकीचा वेग यंत्रावर मोजतात. लाल आणि पिवळ्या पट्ट्या दंडास बांधून खेळाडूंचे दोन पक्ष पाडतात. मैदानात क्षणभरही चष्मा काढावयाचा नाही आणि विश्रांतीच्या जागी येताना बंदुकीतील गोळ्यांची पेटी काढून टाकलीच पाहिजे. उघड्या रानातील बहुतेक मैदाने मातीत विरघळून जाणाऱ्या गोळ्यांचाच आग्रह धरतात. कधी प्रतिपक्षाचे निशाण गाठावयाचे, कधी समोरचा पक्ष पुरता बाद करावयाचा, असे डाव दिवसभर चालतात.

पण या खेळाचे मर्म याहून निराळेच आहे. ही गोळी अंगावर डाग ठेवीत नाही. झुडपाआड दडलेल्या माणसास ती लागली की नाही, हे बहुधा त्याचे त्यालाच ठाऊक. गोळी लागताच त्याने स्वतः ‘हित्तो!’ असे मोठ्याने ओरडावयाचे, हात वर करावयाचा आणि मैदानाबाहेर चालू लागावयाचे. बहुतेक ठिकाणी आपल्याच सोबत्याची गोळी लागली तरी बादच. गोळी लागूनही गप्प राहणाऱ्यास तेथे ‘झोंबी’, म्हणजे मेल्यावर हिंडणारे प्रेत, म्हणतात आणि त्याच्यासारखी नाचक्की दुसरी नाही. मात्र झाडणाऱ्यानेही त्याच्याशी हुज्जत घालावयाची नाही; शंका असल्यास व्यवस्थापकांस सांगावयाचे, असा दंडक आहे.

खोटे बोलणाऱ्याचा डाव क्षणभर वाचतो, पण खेळ तेथेच संपतो. कारण दुसऱ्याच्या शब्दावरचा विश्वास उडाला, की नेम धरण्यात अर्थ उरत नाही. जोराची मर्यादा कायद्यास आखता येते आणि ती यंत्रावर मोजताही येते. ‘मला लागली’ हे दोन शब्द मात्र कोणत्याही यंत्रास वदवून घेता येत नाहीत. ते ज्याचे त्यानेच उच्चारावे लागतात आणि त्यांच्यावरच हा सारा खेळ उभा आहे.