तेल जैतूनचे असो वा घाण्याचे, ताजे हवे आणि बेताचे हवे

आखाती देशांत कामाला असलेला मुलगा किंवा भाऊ सुटीवर घरी आला की हल्ली त्याच्या सामानात बऱ्याचदा जैतूनच्या तेलाचा डबा असतो. भिवंडीतील कित्येक घरांत तो कपाटात जपून ठेवला जातो आणि मग दवाखान्यात विचारणा होते, "डॉक्टर, हे तेल हृदयाला फार चांगले म्हणतात. रोज दोन चमचे प्यायले तर रक्तदाबाची गोळी बंद करता येईल का?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर नीट समजून घ्यायला हवे.

जैतून म्हणजेच ऑलिव्ह. आपली बहुतेक तेले बियांतून निघतात. हे तेल मात्र फळाच्या गरातून निघते. स्पेन, इटली, ग्रीस या भूमध्य समुद्राकाठच्या देशांत अनेक कुटुंबांच्या स्वतःच्या लहान बागा आहेत. साधारण ऑक्टोबरपासून फळे उतरवतात आणि शक्यतो त्याच दिवशी गिरणीवर नेतात, कारण फळ ढिगात पडून राहिले की आंबते व तेलाची आम्लता वाढते. केवळ यंत्राने, रसायन न वापरता काढलेले, मुक्त मेदाम्ल शेकडा ०.८ पेक्षा जास्त नसलेले आणि चवीत दोष नसलेले तेलच 'एक्स्ट्रा व्हर्जिन' म्हणवले जाते.

असे ताजे तेल चवीला किंचित कडवट लागते आणि घशाला झोंबते. अनेकांना वाटते की तेल खराब निघाले. वास्तविक ते झोंबणे ही तेलातील पॉलिफेनॉल नावाच्या उपयुक्त द्रव्यांची खूण आहे. काळ जाईल, ऊन आणि हवा लागेल, तशी ही द्रव्ये कमी होत जातात. म्हणून दोन-तीन वर्षे कपाटात जपलेल्या डब्यात नाव तेच राहते, गुण मात्र ओसरलेले असतात. डब्यावर 'पोमेस' असे लिहिले असेल तर ते उरलेल्या चोथ्यापासून काढून शुद्ध केलेले तेल असते, हेही लक्षात ठेवावे.

हृदयाला फायदा होतो हे खरे आहे का? स्पेनमध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे साडेसात हजार लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला आणि २०१८ साली दुरुस्त करून पुन्हा मांडण्यात आला. भूमध्य पद्धतीच्या आहाराबरोबर हे तेल घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वगैरे गंभीर घटना सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळल्या. मात्र त्या आहारात भाज्या, फळे, कडधान्ये व मासे भरपूर होते आणि गोडधोड कमी होते. तेल नेहमीच्या जेवणात होते, वरून प्यायचे औषध म्हणून नव्हते. आणि गोळ्या सोडा, असे तर कोणीच सांगितले नव्हते.

माझ्याकडे येणारे एक यंत्रमाग कारखानदार तेल सुरू करून गोळ्या सोडून बसले होते. दोन महिन्यांनी डोके दुखते म्हणून आले, तेव्हा रक्तदाब १९०/११० होता. वेळेवर आले म्हणून निभावले. रक्तदाब वाढला तरी बहुधा काही जाणवत नाही, आणि जाणवते तेव्हा कधी कधी पक्षाघात होऊन गेलेला असतो.

आता ज्यांच्या घरी परदेशचा डबा येत नाही, त्यांनी हळहळण्याचे कारण नाही. जैतूनच्या तेलातील मुख्य ओलेइक आम्ल आपल्या शेंगदाणा तेलातही बऱ्यापैकी असते. आपल्याकडेही ताज्या तेलाची परंपरा आहे. शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाड्याच्या डोंगरउतारावर आदिवासी शेतकरी वरकस जमिनीत खुरासणी पेरतात आणि घरापुरते तेल गाळून घेतात. वर्ध्याला १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाल्यावर मगनवाडीत लाकडी घाणा सुधारण्याचे मोठे काम झाले. आज गावोगावी पुन्हा घाणे दिसू लागले आहेत.

मात्र घाण्याचे तेलही डोळे मिटून घेऊ नये. खुरासणीचे तेल लवकर खवट होते, म्हणून ते थोडेच आणावे. शेंगदाण्याला बुरशी लागली असेल तर अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष न गाळलेल्या तेलात उतरू शकते. म्हणून शक्य असेल तर घाण्यात पडणारे दाणे स्वतः पाहावेत. काळवंडलेले, सुरकुतलेले, कुबट वासाचे दाणे असतील तर परत फिरावे. रिफाइंड तेल म्हणजे विष, हा समजही चुकीचा आहे. त्यात वास व काही नैसर्गिक द्रव्ये कमी होतात, एवढेच.

घरी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. महिन्याभरात संपेल एवढेच तेल आणावे. डब्यावरील तारीख पाहावी.

२. शेगडीशेजारी पारदर्शक बाटली ठेवू नये. गडद रंगाची बाटली किंवा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा थंड, अंधाऱ्या जागी ठेवावा. जुन्या तेलात नवे ओतू नये.

३. खवट वास आला तर ते तेल फोडणीलाही वापरू नये.

४. तळलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. जैतूनचे ताजे तेल कोशिंबिरीवर किंवा शिजलेल्या भाजीवर वरून घालावे. तळणीसाठी ते खर्चू नये.

५. बैठे काम करणाऱ्याला दिवसाला २० ते २५ ग्रॅम, म्हणजे सुमारे ५ लहान चमचे तेल पुरे. चौघांच्या घरात महिन्याला सुमारे ३ लिटर होते. यातच तूप, वनस्पती आणि बाहेरच्या वडा-भज्यांचे तेलही धरावे.

कोणतेही तेल घेतले तरी एका ग्रॅमला ९ उष्मांक मिळतातच. दोन मोठे चमचे वरून प्यायले की सुमारे २४० उष्मांकांची भर पडते. म्हणून जैतूनचे तेल घ्यायचे असेल तर नेहमीच्या तेलाच्या जागी घ्यावे, त्यात भर म्हणून नव्हे. आणि रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी कमी करायची की बंद, हे तपासणी करून आपल्या डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.