मुळांवरचा घाव

झाडाजवळ खड्डा खणू लागले, म्हणजे वीतभर खोल जाण्यापूर्वीच कुदळ अडते. घाव दगडावर बसला तर खणकन आवाज होतो आणि हाताला झिणझिण्या येतात. मुळावर बसला तर आवाज दबका येतो आणि कुदळ रुतून बसते. झाड जितके उंच तितकी त्याची मुळे खोल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. बहुतेक झाडांची बहुसंख्य मुळे जमिनीच्या वरच्या साठेक सेंटिमीटर थरातच असतात व फांद्यांच्या घेराबाहेरही दूरवर पसरतात. म्हणूनच कुंपणाचा खांब रोवताना किंवा नळाचा चर खणताना ती हटकून आडवी येतात.

मूळ लागले की हाती असेल त्याच अवजाराने घाव घालीत सुटावयाचे, हा आपला नेहमीचा शिरस्ता. परंतु फावडे माती ओढण्यासाठी घडविलेले असते. मुळावर त्याची कड दुमडते. कुदळीने मूळ तुटण्याऐवजी चेंदले जाते. अशा चेंदलेल्या जागी बुरशी शिरते व कूज आत पसरते. याउलट काप गुळगुळीत असेल, तर जखम लवकर भरते आणि कापाच्या मागून नवी मुळे फुटतात. अवजाराची निवड करावयाची ती एवढ्यासाठी.

प्रथम खुरप्याने मुळाभोवतीची माती काढावी. मुळाखालून मूठ सहज जाईल एवढी जागा झाली, की चिकटलेली माती पुसून टाकावी. कारण मातीतले खडे उत्तम करवतीचेही दात क्षणात बोथट करतात. पेन्सिलीएवढ्या मुळास छाटणीची कात्री पुरते. नारळाची सारी मुळे साधारण एवढ्याच जाडीची असतात. आंबा, चिंच यांसारख्या झाडांची मुळे मात्र वर्षानुवर्षे जाड होत जातात. अंगठ्याएवढ्या मुळास लहान करवत घ्यावी, आणि तीही ओढताना कापणारी. अरुंद खड्ड्यात ढकलण्यापेक्षा ओढणे सोपे जाते व पातळ पातेही वाकत नाही.

कुऱ्हाडीचा मोह पुष्कळांना होतो. तथापि ती फिरविण्यास मोकळी जागा लागते, आणि खड्ड्यात तीच नसते. ओल्या मुळावरून निसटलेली धार थेट नडगीवर येते. मूळ तुटलेच, तर ती खालच्या दगडावर आपटते. खोल व अरुंद खड्ड्यात पहार बरी. तिचे चपटे टोक छिन्नीसारखे असते. पाय फाकवून सरळ उभे राहावे, पहार उचलावी आणि खाली सोडावी. काम तिचे वजनच करते. तिने तुटलेले टोक मागाहून करवतीने साफ करावे लागते, एवढेच.

मनगटाएवढे मूळ लागले तर मात्र अवजार न शोधता खड्ड्याचीच जागा बदलावी. अडीच सेंटिमीटरपेक्षा जाड मूळ शक्यतो तोडू नये, असे वृक्षतज्ज्ञ सांगतात. अशी जाड मुळे, विशेषतः बुंध्याजवळची, झाडाला जमिनीत धरून ठेवतात. रस्त्याकडेला चर खणताना एका अंगाची मुळे सरसकट तोडली जातात. झाड त्या वेळी हिरवेगार दिसते. पुढे पावसाळ्यात माती सैल होते, वादळी वारा सुटतो, आणि तेच झाड खालच्या माणसांवर उन्मळून पडते. महाराष्ट्राच्या शहरी भागांतील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ साली कायदा झाला. त्यात ‘झाड तोडणे’ या शब्दांत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही धरलेले आहे.

कापलेली टोके उन्हात उघडी ठेवू नयेत. खड्डा बुजेपर्यंत त्यांवर ओले गोणपाट टाकावे, मग तीच माती परत लोटून पाणी द्यावे. करवतीवरचा चीक पुसून, तिला तेलाचा हात लावून ती कोरड्या जागी टांगावी.