विश्लेषण : गुडघा बदलला, दुखणे थांबले, मग चालणे का मोजायचे?

गुडघ्याचा सांधा बदलून सहा आठवडे झाले आहेत. टाके केव्हाच निघाले, एक्स-रेमध्ये नवा सांधा जागेवर दिसतो आणि पूर्वीचे दुखणेही बरेच कमी झाले आहे. ‘आता कसे वाटते?’ या डॉक्टरांच्या प्रश्नावर रुग्ण ‘छान’ म्हणतो. पण खुर्चीतून उठताना तो दोन्ही हातांनी रेटा देतो आणि सगळा भार दुसऱ्या पायावर टाकतो, हे त्याच्याही लक्षात आलेले नसते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे चालणे पूर्ववत झाले असे नाही. या दोहोंतले अंतर किती, हे चालण्याच्या मोजमापातून कळते.

‘बरे वाटते’ एवढे पुरेसे का नाही?

दुखणे कमी झाले की आपण चांगले चालतो, असे माणसाला वाटू लागते. प्रत्यक्षात गुडघा बदलल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूंची, म्हणजे क्वाड्रिसेप्सची, ताकद शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षाही कमी झालेली असते. त्यामुळे याच काळात रुग्ण बरे वाटत असल्याचे सांगतो, पण चालण्याच्या चाचणीत त्याला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो, असे अभ्यासांत दिसले आहे. केवळ रुग्णाच्या शब्दावर विसंबून व्यायाम लवकर थांबवला, तर हा अशक्तपणा तसाच राहू शकतो.

नेमके काय मोजतात?

एका पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालण्याचे एक चक्र पूर्ण होते. सर्वसाधारण चालीत पाय यातला सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ हवेत असतो. पाय दुखत असेल तर माणूस त्यावर कमी वेळ उभा राहतो आणि दुसरा पाय घाईने टेकतो. चालीचा ताल बिघडतो, त्यालाच आपण लंगडणे म्हणतो. म्हणून वेग, पावलाची लांबी, मिनिटाला पडणारी पावले आणि दोन्ही पायांमधला फरक अशा गोष्टी मोजल्या जातात. पाय पुढे टाकताना गुडघा साधारण ६० अंशांत वाकावा लागतो; तो तेवढा वाकतो का, हेही पाहिले जाते.

त्यासाठी प्रयोगशाळा लागते का?

सखोल तपासणीसाठी लागते. जर्मनीत विल्हेल्म ब्राउन आणि ओट्टो फिशर यांनी १८९०च्या दशकात छायाचित्रांवरून चालण्याचे त्रिमितीय गणित मांडले होते. आज रुग्णाच्या सांध्यांजवळ प्रकाश परावर्तित करणारे छोटे गोळे चिकटवतात. अनेक कॅमेरे त्यांची हालचाल टिपतात आणि जमिनीत बसवलेल्या पट्ट्या प्रत्येक पायावर किती भार पडला ते नोंदवतात. कमरेला किंवा पायाला बांधायचे छोटे सेन्सरही आता वापरले जातात.

मात्र बहुतेक रुग्णांसाठी खुर्ची, टेप आणि स्टॉपवॉच पुरते. १९९१ मध्ये मांडलेल्या ‘टाइम्ड अप अँड गो’ चाचणीत खुर्चीतून उठायचे, ३ मीटर चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. निरोगी ज्येष्ठांना यासाठी साधारण १० सेकंद लागतात. ३० सेकंदांत किती वेळा उठता-बसता येते आणि ६ मिनिटांत किती अंतर चालता येते, याही नेहमीच्या चाचण्या आहेत. गुडघा आणि खुब्याच्या रुग्णांसाठी ‘ओआरसी’ या संधिवात संशोधन संस्थेने २०१३ मध्ये सुचवलेल्या चाचण्यांत या तिन्ही आहेत.

आकड्यावरून कारण कळते का?

नाही, आणि म्हणूनच चाल डोळ्यांनीही पाहावी लागते. दोन रुग्णांना सारखेच १६ सेकंद लागले, तरी एकाचा गुडघा पूर्ण सरळ होत नसेल आणि दुसऱ्याच्या खुब्याच्या बाजूचे स्नायू कमकुवत असतील. दुसऱ्या रुग्णाने अशक्त पायावर भार दिला की कंबर विरुद्ध बाजूला खाली झुकते. जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिश ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये या लक्षणाचे वर्णन केले होते. दोघांचे व्यायाम अर्थातच वेगळे असतात. काठीचेही तसेच. ती शस्त्रक्रिया झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरली, तर त्या पायावरचा भार हलका होतो. अनेक जण मात्र ती त्याच बाजूला धरतात.

मोजताना काय सांभाळावे?

सर्वांत उपयोगी तुलना रुग्णाची स्वतःशीच असते. म्हणून पहिले मोजमाप शस्त्रक्रियेपूर्वी झालेले असावे. पुढे दर वेळी खुर्ची, अंतर आणि पादत्राणे तीच ठेवावीत. काठी किंवा वॉकर वापरला असेल तर तशी नोंद करावी. कोणी पाहत असले की माणूस जरा जास्तच नीट चालतो, त्यामुळे एकाच आकड्यावर निष्कर्ष काढू नये. घरी चाचणी करायची असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारावे आणि सोबत कोणीतरी उभे असावे.

आठवड्यागणिक वेळ कमी होत असेल तर व्यायाम लागू पडतो आहे. सुधारणा थांबली किंवा सुधारलेली चाल पुन्हा बिघडू लागली, तर दुखत नसले तरी डॉक्टरांकडे जावे आणि सोबत नोंदींची वहीही न्यावी.