चंचुपात्र आणि हंडा

बोईसर स्थानकाबाहेर पेल्यातला चहा पाहता पाहता निवतो, परंतु लग्नघरच्या हंड्यातील वरण प्रहर उलटला तरी वाफाळतेच. कारण आकारमान वाढते त्या प्रमाणात उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग वाढत नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतही हीच गत: चंचुपात्रात निमूट राहणारी प्रक्रिया कारखान्याच्या रिॲक्टरात (अणुभट्टी नव्हे, रसायनाचे भांडे) प्रसंगी भडकते, म्हणून मधल्या आकाराचा, नफा न देणारा प्रायोगिक संच आधी उभारावा लागतो. त्याला कर्ज कोण देणार? तारण काय, तर संशोधकाची वही! १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली १ लाख कोटी रुपयांची संशोधन, विकास व नवोन्मेष योजना खाजगी उद्योगास अशाच टप्प्यांसाठी, अल्प वा शून्य व्याजाने, दीर्घ मुदतीचे कर्ज देऊ करते; रक्कम मात्र सरकारी खजिन्यातून थेट न येता दुय्यम निधी-व्यवस्थापकांमार्फत पोहोचते.