पाटे (वाहनाचे)

पाटे अथवा कमानपाटे म्हणजे वाहनाचा एक्सल आणि चासी यांच्यामध्ये बसवलेला, एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्यांचा जुडगा होय. सर्वांत लांब पट्टीला मेन पाटा म्हणतात. तिची दोन्ही टोके वळवून केलेल्या डोळ्यांत बुश बसवलेले असतात. एक टोक चासीला पिनेने जोडलेले असते, तर दुसरे शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला. भार पडून कमान सपाट होताना पाट्याची लांबी वाढते व ती वाढ शॅकल सामावून घेतो. ओबादाया इलियट यांनी इंग्लंडमध्ये १८०४ साली घोडागाडीच्या पाट्यांचे एकस्व घेतले होते. भारतात १९४७ पासून जुळणी होऊ लागलेल्या विलीज जीपच्या चारही चाकांना पाटेच होते. मालवाहू पिकअपच्या मागील चाकांना ते आजही असतात.

कार्य

पाटा केवळ हादरे शोषत नाही, तर एक्सलला जागेवर धरून ठेवण्याचे कामही करतो. म्हणूनच मेन पाटा तुटल्यास किंवा सेंटर बोल्ट मोडल्यास एक्सल मागेपुढे सरकतो आणि गाडी तिरकी धावू लागते. पट्टीची जाडी दुप्पट केल्यास तिचा कडकपणा आठपट होतो, रुंदी दुप्पट केल्यास मात्र दुप्पटच. एकाच जाड पट्टीऐवजी अनेक पातळ पट्ट्या वापरण्याचे कारण हेच: भार पेलला जातो आणि लवचीकपणाही राहतो. पट्ट्यांमधील घर्षणामुळे गाडीचे हेलकावेही लवकर शमतात.

झीज

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण, देवगड व वेंगुर्ले या किनारी तालुक्यांत पाट्यांना भारापेक्षा मोठा शत्रू म्हणजे खारे पाणी. मासळीच्या क्रेटमधील बर्फ वितळून खारट पाणी हौद्यातून नेमके मागील पाट्यांवर ठिबकते आणि पट्ट्यांच्या फटींत साचून राहते. तेथे गंजाचे सूक्ष्म खड्डे पडतात व वारंवार वाकणाऱ्या पोलादात त्यांच्यापासूनच तडे सुरू होतात. बाहेरून रंग शाबूत दिसणारा पाटा त्यामुळे आतल्या आत निकामी झालेला असू शकतो. त्यात चिऱ्यांची वाहतूक व फोंडा, करूळ, आंबोली यांसारखे घाट यांची भर पडते. घाटात तुटलेला पाटा ही गैरसोय नसून अपघाताचे कारण ठरू शकते.

सपाट जमिनीवर रिकामी गाडी एका बाजूस कललेली दिसणे, कमान सपाट किंवा उलटी होणे, पट्ट्यांमध्ये गंजाची फुगवटी दिसणे ही झिजेची लक्षणे होत.

बदलण्याची पद्धत

गंजलेल्या नटांवर आदल्या दिवशीच गंज सैल करणारे तेल सोडतात. पुढील चाकांना उटी लावून मागील भाग उचलतात आणि चासीखाली भक्कम घोड्या ठेवतात. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते. एक्सलला स्वतंत्र जॅकचा आधार देऊन त्याचे वजन पाट्यावरून काढले की यू-बोल्ट, नंतर शॅकल व पिन सोडवतात. नट फिरतच नसतील तर बोल्ट कापावे लागतात.

नवा जुडगा बसवताना सेंटर बोल्टचे डोके एक्सलवरील बैठकीच्या भोकात नेमके बसले पाहिजे. यू-बोल्ट ताणले गेलेले असल्याने जुने पुन्हा वापरत नाहीत. नवे बोल्ट आलटून-पालटून समोरासमोरच्या कोपऱ्यांत आवळतात. रबरी बुश असल्यास डोळ्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यानंतरच पूर्ण आवळावेत, अन्यथा बुश पिळलेल्या अवस्थेत अडकून लवकर फाटतो. काही दिवस गाडी चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळणे आवश्यक असते आणि नेमकी हीच पायरी बहुधा विसरली जाते. दोन्ही बाजूंचे पाटे एकाच वेळी बदलणे इष्ट, कारण नव्या-जुन्यांच्या कडकपणातील फरकाने गाडी कलते.

जुने पाटे पुन्हा कमान देऊन वापरण्याची पद्धत स्वस्त आहे, परंतु गंजाने पोखरलेल्या पट्टीला तिचा उपयोग नाही. पट्टी भट्टीत तापवून कमान दिल्यास तिचे पाणी उतरते. पुढे सुमारे ८५० अंश सेल्सिअसवरून तेलात विझवून पुन्हा मध्यम तापमानाला तापवल्याखेरीज तिचा लवचीकपणा परत येत नाही. तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडणे मुळीच सुरक्षित नाही.

जादा पाटा

अधिक माल भरता यावा म्हणून एखादा पाटा वाढवण्याची प्रथा सर्वत्र दिसते. त्याने गाडीचा मागचा भाग उंच राहतो खरा, पण एक्सल, ब्रेक व टायर यांची क्षमता वाढत नाही. नोंदणीकृत भारमर्यादाही तीच राहते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

निगा

मासळी वाहून झाल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. १ जून ते ३१ जुलै या यांत्रिक मासेमारीच्या बंदीकाळात मासळीच्या गाड्यांना काम कमी असते. तेव्हा पाटे सुटे करून घासणे व पट्ट्यांमध्ये ग्राफाइटयुक्त ग्रीस भरणे सोयीचे पडते.

पुनर्वापर

निकामी पाट्यांना लोहारांकडे मोठी मागणी असते. त्यांच्या पोलादाला धार चांगली टिकत असल्याने त्यांपासून कोयते, कुऱ्हाडी व विळे घडवले जातात. कोकणात नारळ सोलण्या-फोडण्याच्या व झाडांच्या फांद्या तोडण्याच्या कामी येणारा कोयता पुष्कळदा अशाच एखाद्या ट्रकच्या पाट्याचा असतो.