म्हैस विकून घेतलेला संगणक आणि गिऱ्हाइकाची वाट

पूर्वी बाजारच्या गावात एखादा पेंटर असे. दुकानाची पाटी, ट्रॉलीवरचे नाव, निवडणुकीच्या भिंती, सारे त्याच्या हातचे. त्याला स्वतःची जाहिरात करावी लागत नसे. रंगवलेल्या भिंतीच ती करीत. आता हे काम संगणकावर होते आणि ते शिकलेला मुलगा घरात बसून करतो. त्याच्या भिंती कोणाला दिसणार? त्यासाठी त्याला वेबसाइट काढावी लागते.

विट्याकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलाची हकिगत आम्हाला जवळून ठाऊक आहे. उपयोजित कलेचे शिक्षण पुरे करून तो गावी परतला. पुण्यात खोलीचे भाडे भरण्यापेक्षा घरून कामे करीन म्हणाला. वडिलांनी दुभती म्हैस विकून संगणक घेऊन दिला. आई त्या दिवशी कोणाशी धड बोलली नाही. मुलाने वेबसाइट काढली, आणि वर्षभरात तिच्यावरून एकही गिऱ्हाईक आले नाही.

वेबसाइट दिसायला देखणी होती. चाळीसेक कामे मांडलेली: लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, कधी न निघालेल्या चित्रपटांची पोस्टरे. वर ठळक अक्षरांत, 'सर्व प्रकारची डिझाइनची कामे केली जातील.' इथेच चुकले. गुऱ्हाळाची काहील घ्यायची तर माणूस सर्व प्रकारची भांडी विकणाऱ्याकडे जात नाही, काहिली करणाऱ्याकडे जातो.

हे त्याला उमगले ते एका गुऱ्हाळवाल्यामुळे. नात्यातल्या लग्नात गाठ पडली तेव्हा ते म्हणाले, "पोरा, गुळाच्या पुड्याचं लेबल कधी केलंयस का?" मुलगा म्हणाला, "गुळाचं नाही तात्या, पण मामाच्या हळदीचं केलंय." ते काम वेबसाइटच्या पार तळाशी पडले होते. तात्यांनी ते मोबाइलवर शोधता शोधता कंटाळून फोन खिशात टाकला.

त्या रात्री त्याने चौतीस कामे काढून टाकली. सहाच ठेवली, तीही शेतमालाच्या लेबलांची. प्रत्येकाखाली चार ओळी लिहिल्या: माल कोणता, मालकाला अडचण काय होती, आपण काय केले. नुसते चित्र न ठेवता भरलेले पाकीट दुकानाच्या फळीवर ठेवून फोटो घेतला. ज्यांची कामे दाखवली त्यांची आधी परवानगी घेतली.

शिवाय लेबलावर काय काय हवे, याचे एक पान त्याने मराठीत लिहिले. निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता, तयार केल्याची तारीख, शाकाहाराची हिरवी खूण आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याची खूण नोंदणी झालेल्या उत्पादकालाच वापरता येते, हेही त्याने लिहिले. लेबले छापून आल्यावर चूक कळली तर सारा गठ्ठा वाया जातो, आणि हे ज्याने सोसले आहे तो असे पान वाचून फोन करतोच. आमच्या मते त्याच्या चित्रांपेक्षा या पानानेच अधिक गिऱ्हाइके आणली.

एक बारीक गोष्ट. आधी त्याचा सारा मराठी मजकूर चित्राच्या रूपात होता. शोधयंत्राला असा मजकूर नीट वाचता येत नाही. आता तो युनिकोड अक्षरांत आहे, म्हणून 'गुळाचे लेबल' असे कोणी शोधले तर पान सापडण्याची शक्यता वाढते. जड फोटोही त्याने हलके केले. खेड्यात मोबाइलची रेंज कशी असते ते आपण जाणतोच. दहा रकाने भरायचा अर्ज काढून प्रत्येक पानावर फोन नंबर दिला आणि कामाचा दर कितीपासून सुरू होतो तेही लिहिले. दर लिहिल्याने गिऱ्हाईक पळेल अशी त्याला धास्ती होती. पळाले ते घासाघीस करणारे. बरेच झाले.

सगळे गोडच झाले असे नाही. पहिल्या वर्षी एका व्यापाऱ्याने तीन नमुने मागवले, त्यातला एक छापून घेतला आणि पैसे बुडवले. तेव्हापासून तो निम्मे पैसे आगाऊ घेतो, आणि छपाईची मूळ फाइल पूर्ण पैसे मिळाल्यावरच देतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी करावे लागतात. तोही साध्या पानभर मजकुरावर दोघांच्या सह्या घेतो. आणखी एक: आगाऊ रक्कम पाठवतो म्हणून कोणी मोबाइलवर पिन टाकायला सांगितला तर टाकू नये. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो.

गेल्या हंगामात गुऱ्हाळे सुरू व्हायच्या आधीच त्याच्याकडे कामे आली. म्हैस अजून परत आलेली नाही. गोठ्यात सध्या एक रेडी आहे. वेबसाइटच्या नावाचे पैसे दरवर्षी भरावे लागतात, विसरले तर नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. ती तारीख मुलाच्या ध्यानात राहत नाही, म्हणून वडिलांनीच ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, सोसायटीच्या हप्त्याच्या खाली, लाल शाईने लिहून ठेवली आहे.