देणगी द्यावीशी का वाटते?

• देण्याचे समाधान : मदतीतून दात्यालाही आनंद मिळतो. अर्थतज्ज्ञ जेम्स अँड्रिओनी यांनी १९९०मध्ये याला ‘वॉर्म ग्लो’ म्हटले.

• एक चेहरा : हजारोंच्या आकडेवारीपेक्षा एका गरजू व्यक्तीची ओळख मनाला अधिक भिडते.

• निमित्त : आप्तांचे स्मरण, वाढदिवस, सणवार. ‘दान उत्सव’ हा देण्याचा सप्ताह २००९पासून. दरवर्षी २ ते ८ ऑक्टोबर.

• विश्वास : नोंदणी, लेखापरीक्षण, पावती. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे, कायदा १९५०चा.

• करसवलत : आयकर कायदा १९६१, कलम ८०जी (१ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा २०२५). लाभ फक्त जुन्या करप्रणालीत. २,००० रुपयांवरील रोख देणगीला सवलत नाही.

• फरक : देणगी ऐच्छिक. ‘सीएसआर’ (कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व) मात्र ठरावीक निकषांतल्या कंपन्यांना बंधनकारक : मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के (कंपनी कायदा २०१३).